म्हातारीच्या ताटावरचा दोर

"मी हाक मारली होती," तेल्मो म्हणाला.

जासिंतोकाका तारल्या कापत बसले होते. रात्री तारली आणि वाळू कालवून ठेवायची, म्हणजे सकाळी गरवायला निघताना आमिषाची घाई नको, ही त्यांची जुनी सवय. त्यांचा चाकू थांबला.

"काय म्हणालास?"

"हाक मारली होती, काका. वरून. रुबेनला ऐकू गेली नसेल, समुद्र गाजत होता. आणि मी काय कायमचा घेतला का दोर ओढून? जरा वेळ. गंमत केली."

रुबेन कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसला होता. कमरेपर्यंत भिजलेला. त्याचे दात अजून वाजत होते. दारापाशी बसलेली दोन पोरं मघापासून त्याच्याकडे बघून खिदळत होती.

"कड्याला पालीसारखा चिकटला होता," त्यातला एक म्हणाला. "आई आई करत होता."

जासिंतोकाकांनी चाकू फळीवर असा आपटला, की हसणं तिथंच तुटलं.

"दार लाव. दात काढणाऱ्या, तुलाच सांगतोय, दार लाव. आणि तू, शहाण्या, बस इथं माझ्यासमोर. 'हाक मारली होती' म्हणे. अगदी हेच शब्द मी आधी ऐकलेत. ज्याने ते म्हटले त्याचं पुढे काय झालं ते ऐक. गोष्ट बेल्मीरोच्या तोंडची आहे. त्याची आणि माझी भिंतीला भिंत. माणूस तापट, तोंडाने फाटका, पण आयुष्यात खोटं बोलला नाही. बोलता आलं असतं तर त्याची बरीच भांडणं टळली असती. त्याने मला सांगितलं तेच सांगतो. पदरचं काही घालत नाही."

गेल्या वर्षीची गोष्ट. अकरा नोव्हेंबर, मंगळवार, संत मार्तिन्योची रात्र. हिवाळा दाराशी येऊन थबकतो आणि चार दिवस ऊन परत येतं, त्या दिवसांतली. वारा नव्हता. अंगात स्वेटर नसता तरी चाललं असतं. आपल्या गावच्या, ग्राल्याच्या चौकात शेकोटी पेटली होती, चेस्टनट तडतडत होते, नव्या वाइनचं पिंप फोडलं होतं. सगळा गाव तिथं होता.

बेल्मीरोही होता, पण भिंतीला टेकून एकटा. भाऊ गेल्यापासूनचा हा पहिलाच सण. त्याच्या वहिनीने, इदालिनाने, भाजलेले चेस्टनट एका फडक्यात बांधले, वर एक बाटली ठेवली आणि त्याच्या हातात दिली.

"भाऊजी, एवढं देओलिंदाआजीला देऊन या. गरम आहेत तोवर. बिचारी गुडघ्यांमुळे आली नाही."

"देतो."

"आणि म्हणावं, बाटली एका रात्रीत संपवू नको."

"ते तुम्हीच सांगा तिला. माझ्या डोक्यात मारील ती बाटली."

इदालिना हसली. मार्चनंतर पहिल्यांदाच हसली असेल. बेल्मीरोला बरं वाटलं आणि तो निघाला.

देओलिंदाआजीचं घर कड्याच्या वाटेवर, अगदी शेवटी. त्यापुढे फक्त खडक आणि अटलांटिक. पूर्वी ती सगळ्यांना आमिषाचे खेकडे विकायची. आता नुसती दारात बसून असते आणि कोण गेलं, कोण आलं, ते मोजते. तिने फडकं सोडलं, एक चेस्टनट तोंडात टाकला.

"कच्चे आहेत."

"बरं. मग परत नेतो."

"ठेव तिथं. कच्चे म्हणाले, नको नाही म्हणाले." मग तिने विचारलं, "आज खाली कोण गरवतंय रे?"

"आज? आज कोण जाईल? सगळे चौकात आहेत."

"मग दिवेलागणीला माझ्या दारावरून मोपेड गेली, ती काय भुताची होती?"

गावात खडखडणारी मोपेड एकच आणि ती कुणाची हे दोघांनाही माहीत होतं. आजीने बाटलीचं बूच दातांनी उपसलं.

"सरळ घरी जा," ती म्हणाली. "कड्याकडे बघूसुद्धा नको."

आता थोडं मागचं सांगायला हवं. तुम्हाला माहीत आहे, तरी सांगणार, कारण आज दुपारी तुम्ही ते विसरलात.

आपल्या कड्यावर गरवायच्या जागा किती, आणि प्रत्येक जागेला वर लोखंड ठोकलेलं. म्हातारीचं ताट म्हणतात त्या खालच्या खडकावर जायला जुन्या मोटारीचा आंस आहे. त्याला निळा दोर. दोर धरून खाली उतरायचं, सपाट खडकावर बसायचं, पाणी पांढरं व्हायला लागलं की सार्गू मासा कड्याला लागतो. तिथं वर यायला दुसरी वाट नाही. भरती चढली की ते ताट पाण्याखाली जातं. म्हणून कायदा एकच. दोर खाली दिसला, तर खाली माणूस आहे. शेवटी वर येणारा माणूस दोर वर घेतो आणि गुंडाळून आंसाला अडकवतो. खाली सोडलेल्या दोराला हात लावायचा असेल तर आधी नाव घेऊन हाक मारायची. लाटांत हाक पोचत नाही, म्हणून दोर हलवायचा. खालचा माणूस दोन झटके देतो. दोन झटके म्हणजे, मी आहे. झटके आले नाहीत तर थांबायचं. तरी आले नाहीत तर स्वतः उतरून बघायचं. तोवर तो दोर तुझा नाही, तुझ्या बापाचाही नाही.

बेल्मीरोच्या मोठ्या भावाची, कुस्तोदियोची, एक खोड होती. तो दोन झटके द्यायचा, जरा थांबायचा, आणि मग एक तिसरा द्यायचा. तिसरा म्हणजे, येताना काहीतरी खायला घेऊन ये. लहानपणापासूनची खोड. बेल्मीरो वरून शिव्या द्यायचा आणि पाव टाकायचा.

मग कड्यावर हॉटेल आलं. ज्या वाटेने आपले आजे-पणजे गेले, त्या वाटेवर तार आली, तारेवर पाटी आली. समुद्र जणू त्यांनीच खणला! आणि राखायला कुणाला ठेवलं? आपल्यातल्याच फाउस्तोला. याच खडकांवर गरवायला शिकलेला. मार्चमध्ये एका संध्याकाळी मॅनेजर त्याला म्हणाला, पाहुणे फोटो काढतात, हे कड्यावर लोंबणारे दोर घाण दिसतात, काढून टाक. फाउस्तोने काढले. म्हातारीच्या ताटावरचाही काढला. दोर खाली होता. खाली कुस्तोदियो होता.

चौथ्या दिवशी त्याला दक्षिणेच्या वाळूवर लाटेने आणून टाकलं. एका पायात बूट होता. दुसऱ्या पायात नुसता मोजा. मोज्याच्या टाचेला इदालिनाने लाल लोकरीने रफू केलं होतं, त्यावरून ओळख पटली. बाकी ओळखण्यासारखं राहिलं नव्हतं.

चौकशी झाली. फाउस्तो म्हणाला, "मी हाक मारली होती. उत्तर आलं नाही." झालं. लाटेने ओढून नेला, असं ठरलं. आणि गाव? गाव गप्प. कुणाची बायको त्या हॉटेलात चादरी धुते, कुणाचा मुलगा भांडी घासतो. आपल्या दोरावर आपला माणूस मेला आणि आपण खाली मान घालून जेवलो. अजून जेवतोय.

इदालिनाने तुरुंग मागितला नाही, भरपाई मागितली नाही. ती फाउस्तोच्या दारात गेली आणि म्हणाली, "चौकात उभा राहा आणि सगळ्यांसमोर खरं सांग, हाक मारलीस की नाही. मला एवढंच हवंय. त्याला कुणी बोलावलं आणि तो मुद्दाम आला नाही, हे मला आयुष्यभर ऐकायचं नाही." फाउस्तो दाराआडून म्हणाला, "मारली होती." आणि दार लावून घेतलं. पुढे हॉटेलनेही त्याला काढलं. वापरला आणि फेकला. तेव्हापासून गावात त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. म्हणून संत मार्तिन्योच्या रात्री, सगळा गाव चौकात असताना, तो एकटा गरवायला गेला होता.

आणि कुठे गेला होता? बेल्मीरोने कड्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण झुडपांत मोपेड आडवी टाकलेली दिसली, आणि पाय आपोआप वळले. तारेखालून वाकून तो पलीकडे गेला.

आंसाला निळा दोर बांधला होता. दोर खाली होता.

म्हातारीच्या ताटावर. त्याच ताटावर.

बेल्मीरोने कड्यावर पालथं पडून खाली बघितलं. चंद्र मध्यरात्रीशिवाय उगवणार नव्हता. काळोखात एक डोक्यावरचा दिवा मिणमिणत होता, ताटाच्या पार टोकाला, समुद्राकडे तोंड करून. फाउस्तो खोकला. मग शीळ घालायला लागला. सणाच्या रात्री घालतात तसली शीळ.

बेल्मीरोने मला सांगितलं, "जासिंतो, ती शीळ ऐकली आणि माझ्या कानांत काहीतरी फुटलं. माझा भाऊ जिथं बुडाला, तिथं बसून हा शीळ घालतो!"

भरती चढत होती. ताटाच्या कडेला फेस लागला होता. आणखी तासाभराने तिथं बसायला जागा उरली नसती.

बेल्मीरो उठला. दोर हातात घेतला. त्याने सगळं ठरवलं, शब्दांसकट. दोर ओढायचा, गुंडाळायचा, आंसाला अडकवायचा. चौकात जाऊन चेस्टनट खायचे. उद्या कुणी विचारलंच तर सांगायचं, मी हाक मारली होती. उत्तर आलं नाही. तेच शब्द, अगदी त्याच आवाजात. बघू कोण मला खोटं पाडतो.

त्याने ओढायला सुरुवात केली.

एक हात. दोन हात. दोर हलका होता, सळसळत वर येत होता. ओला नव्हता. तीन हात.

आणि अडकला.

कुठल्या फटीत गेला असेल, असं त्याला वाटलं. त्याने झटकला. दोर सुटला नाही. त्याने पाय रोवले, पाठ मागे टाकली, जोर लावला.

खालून झटका आला.

एक. दोन.

बेल्मीरो थांबला. दोन झटके म्हणजे, मी आहे. पण ते हाकेचं उत्तर. आणि त्याने हाक मारलीच नव्हती.

त्याने वाकून बघितलं. दिवा होता तिथंच होता. टोकाला. समुद्राकडे तोंड करून. दोरापासून कितीतरी लांब. शीळ चालूच होती.

मग दोर कुणी धरला?

दोर ताठ झाला. एकदम नाही. हळूहळू, माणूस लटकल्यावर होतो तसा. आंस कुरकुरला. कड्याच्या पोटावर काहीतरी घासलं. थांबलं. पुन्हा घासलं.

कुणीतरी चढत होतं.

बेल्मीरोला दोर सोडायचा होता. बोटं उघडत नव्हती. खालून पाणी टपकल्याचा आवाज येत होता. खडकावर. टप... टप... प्रत्येक वेळी थोडा वरून.

"फाउस्तो?"

शीळ थांबली नाही.

"कोण... खाली कोण?"

काही नाही. फक्त श्वास. जड. खारट वास आला, खूप दिवस पाण्यात राहिलेल्या दोराचा वास. कड्याच्या काठाखाली, हाताच्या अंतरावर, कुणीतरी थांबलं होतं. दिसत नव्हतं. पण होतं. वर येत नव्हतं. खालीही जात नव्हतं.

वाट बघत होतं.

बेल्मीरोने सांगितलं की ते नाव त्याने स्वतःहून घेतलं नाही. ते त्याच्या तोंडातून निघालं.

"कुस्तोदियो...?"

एक झटका. दुसरा.

मग शांतता. समुद्रसुद्धा गप्प झाल्यासारखा.

आणि मग, जरा थांबून...

तिसरा.

बेल्मीरो गुडघ्यांवर बसला. तो रडला नाही. मला म्हणाला, "जासिंतो, मला राग आला. तेव्हाही रागच आला. मी त्याला म्हणालो, सोड दोर, मला हे करू दे, तुझ्यासाठीच करतोय! तर तो सोडेना. हट्टी. जिवंत होता तेव्हा होता तसाच."

किती वेळ ते दोघं तसे होते कुणास ठाऊक. एकाने ओढायचं, दुसऱ्याने धरून ठेवायचं. शेवटी बेल्मीरोचे हात सैल झाले. ओढून घेतलेला दोर त्याने परत सोडला, हात हात करून, पार खालपर्यंत. आणि छाती फुटेल अशी हाक मारली.

"फाउस्तो! ए फाउस्तो! पाणी चढलंय! दोर खाली आहे, वर ये!"

दिवा गर्रकन वळला. शीळ बंद झाली. दिवा धडपडत दोराकडे आला. मग दोन झटके आले, घाबरलेल्या माणसाचे, पटापट. फाउस्तो चढायला लागला. बेल्मीरोने दोर धरून ठेवला. आता त्याला जड काहीच वाटत नव्हतं.

फाउस्तो वर आला तेव्हा हातापायांवर होता. तोंडाचा रंग उडालेला. तो गवतावर बसला आणि त्याने आधी बेल्मीरोकडे नाही, त्याच्या मागच्या काळोखाकडे बघितलं. मग डावीकडे. मग उजवीकडे.

"तो कुठे गेला?"

"कोण?"

"माझ्या पुढे चढत होता तो."

बेल्मीरोने दोराकडे बघितलं.

"खेळू नको माझ्याशी! मी त्याच्या पायाखालून चढलो. मी थांबलो की तो थांबायचा. सगळी वाट माझ्या तोंडावर पाणी गाळत होता. एका पायात बूटही नव्हता, नुसता मोजा, टाचेला लाल..." फाउस्तोचं तोंड उघडंच राहिलं. तो शब्द त्याने पुरा केला नाही.

खाली लाट ताटावरून गेली. दोघांनीही ऐकली. आता तिथं बसायला जागा उरली नव्हती.

"एक विचारतो," बेल्मीरो म्हणाला. "इथं कुणी नाही. तू, मी, आणि... जो कोण आहे तो. मारली होतीस हाक?"

फाउस्तोने डोक्यावरचा दिवा विझवला.

"नाही."

"का?"

"मॅनेजर गाडीत बसला होता. इंजिन चालू. हाक मारली असती तर कुस्तोदियो वर आला असता, भांडला असता, तारेवरून, पाटीवरून. माझी नोकरी... मला वाटलं, नंतर येऊन दोर सोडू. अर्ध्या तासाने. मग त्याने मला गेटवर थांबवलं. पाहुणे आले. मग... मग अंधार पडला."

"मग तू झोपलास."

"झोपलो नाही."

"पण आलाही नाहीस."

फाउस्तोने मान हलवली. नाही.

बेल्मीरोची मूठ आवळली होती. त्याने ती आंसावर मारली, फाउस्तोवर नाही. त्या हाताचं एक बोट अजून वाकडं आहे.

"चल," तो म्हणाला. "सगळे चौकात आहेत. वहिनी आहे. जे मला सांगितलंस तेच तिला सांग. मग तुझं तू बघ. मी तुला हात लावणार नाही."

फाउस्तो कबूल झाला. खरंच झाला. म्हणाला, "सांगतो. मला नाही आता सहन होत." त्याने स्वतः दोर वर घेतला, कायद्याप्रमाणे, गुंडाळला, आंसाला अडकवला, दोन वेढे घालून. बेल्मीरोने बघितलं. मग फाउस्तो मोपेडवर बसला. "तू ये मागून, मी चौकात थांबतो," म्हणाला.

बेल्मीरो चालत आला. वळणावरून त्याला मोपेडचा लाल दिवा दिसला. दिवा चौकाच्या तोंडाशी पोचला, शेकोटीच्या उजेडात आला, मंद झाला. जरा थांबल्यासारखा वाटला. लोक हसत होते, कुणीतरी अकॉर्डियन वाजवत होतं. मग दिवा पुढे गेला. चौक ओलांडून, चर्च ओलांडून, मोठ्या रस्त्याला लागला, लहान होत होत टेकडीमागे गेला.

तो परत आला नाही. लक्झेंबर्गात फरश्या बसवतो म्हणतात.

बेल्मीरोने त्याच रात्री चौकात सगळ्यांना सांगितलं. ओरडून सांगितलं. अर्ध्यांनी म्हटलं, प्यायलाय. अर्ध्यांनी म्हटलं, सण आहे रे, आज नको. एकाने त्याच्या हातात चेस्टनटचा पुडा दिला. तो त्याने शेकोटीत फेकला. इदालिना मात्र त्याच्याकडे एकटक बघत होती. तिने एकच विचारलं, "तिसरा झटका दिला?"

"दिला, वहिनी."

"मग उद्या पहाटे आपण जाऊ."

जासिंतोकाका इथं थांबले. त्यांनी तारलीची टोपली बाजूला सारली आणि तेल्मोकडे बघितलं. कंदिलाची वात वर-खाली होत होती. घोंगडीतला रुबेनही बघत होता.

"आता तू सांग," काका म्हणाले. "दुपारी रुबेन पलीकडच्या जागेवर खाली होता. दोर खाली होता. पाणी चढत होतं. हाक मारलीस?"

तेल्मो खाली बघत राहिला. बाहेर समुद्र गाजत होता, पण एवढाही नाही, की हाक पोचू नये.

"नाही," तो म्हणाला. "नाही मारली."

"त्याला सांग. मला नको."

तेल्मो रुबेनकडे वळला. "नाही मारली, रुबेन. मला हसायचं होतं."

रुबेनने घोंगडीचं एक टोक जरा सैल सोडलं, एवढंच.

"हं," जासिंतोकाका म्हणाले. "मग आता राहिलेलं ऐक."

पहाटे दोघं गेले. इदालिना पुढे, बेल्मीरो मागे. ओहोटी होती. वारा बिलकुल नव्हता. ताट उघडं पडलं होतं, रिकामं, धुतल्यासारखं. आंसापासून दहा पावलांवर इदालिना थांबली.

"भाऊजी. दोर वर घेतला म्हणालात."

"घेतला. फाउस्तोने घेतला. माझ्यासमोर गुंडाळला."

"आंसाला अडकवला."

"दोन वेढे."

दोर खाली होता.

बेल्मीरो कड्यावर पालथा पडला. त्याने नीट बघितलं. उजाडलं होतं, सगळं स्पष्ट दिसत होतं. दोराचं टोक खडकाच्या वर मोकळं होतं. त्याला काही अडकलेलं नव्हतं. काही बांधलेलं नव्हतं. खाली कुणी नव्हतं.

पण दोर ताठ होता.

इदालिनाने त्यावर हात ठेवला. लगेच काढला नाही.

"हाक मारा, वहिनी," बेल्मीरो म्हणाला. "तुम्ही मारलीत तर येईल तो वर. सुटेल."

इदालिना बोलली तेव्हा तिचा आवाज बेल्मीरोला ओळखू आला नाही, इतका तो रागाने भरला होता.

"मी का मारू? मी मार्चपासून रोज मारतेय. आता ज्याने मारायची होती, त्याने यावं. चौकातून चालत यावं, सगळ्यांसमोर, आणि इथं उभं राहून मारावी. तोवर राहू दे दोर खाली."

तिने हात काढला. हाताला पाणी होतं. खारट.

तिने तो पुसला नाही. ती तशीच घरी गेली.

त्याला आता वर्ष होत आलं. त्या दोराला कुणी हात लावलेला नाही. हॉटेलवालेही तिकडून जात नाहीत. पावसात भिजतो, उन्हात सुकतो, वाऱ्यात बाकीचे दोर हलतात.

तो हलत नाही. खाली कुणी नाही, आणि त्याला वजन आहे.